थंडीत फुललेलं ओकलंड: अटलांटाच्या जुन्या दफनभूमीत फुलं पाहायला जाताना

डिसेंबर ते मार्च या काळात मुलांकडे अमेरिकेत राहायला आलेल्या आई-वडिलांची एक नेहमीची तक्रार असते. बाहेर सगळी झाडं निष्पर्ण, गवत पिवळं, मग फिरायला जाऊन बघायचं काय? अटलांटात राहणाऱ्यांना या तक्रारीवर चांगला उपाय आहे. शहराच्या मध्यवस्तीला लागून असलेली ओकलंड ही जुनी दफनभूमी भर हिवाळ्यात फुललेली असते. परिसर 48 एकरांचा आहे, मालकी शहराची आहे आणि आत जायला तिकीट नाही. पण कोणत्या आठवड्यात जायचं, किती वाजता पोचायचं आणि नजर कुठे ठेवायची हे ठाऊक नसेल, तर तास-दीड तास चालूनही चार तपकिरी पडलेली फुलं बघून परत यावं लागतं. म्हणून ही माहिती पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी.

आधी मनातल्या अडचणीबद्दल. दफनभूमीत फिरायला जाणं आपल्याकडच्या बऱ्याच जणांना अवघड वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. इथे एवढं लक्षात घ्यावं की ही जागा मुळात बाग म्हणूनही वापरात होती. पॅरिसची पेर लाशेज दफनभूमी 1804 मध्ये आणि बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न 1831 मध्ये सुरू झाली. गावाबाहेर, झाडाझुडपांत, ऐसपैस जागेत मृतांना विसावा द्यायचा, ही पद्धत तिथून पसरली. त्याच धर्तीवर 1850 मध्ये अवघ्या सहा एकरांवर ओकलंडची सुरुवात झाली. ओक आणि मॅग्नोलियाच्या झाडांमुळे 1872 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. कुटुंबं इथे जागा विकत घेत, भोवती बुटका कठडा बांधत आणि आत आपल्या आवडीची झाडं लावत. त्या काळी अटलांटात सार्वजनिक बागा फारशा नव्हत्या, त्यामुळे लोक रविवारी शिदोरी घेऊन इथेच येत. म्हणजे तुम्ही जे कॅमेलियाचं, म्हणजे थंडीत मोठी फुलं येणारं, झुडूप पाहाल ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी समाधीपाशी, कोणाच्या तरी आठवणीसाठी लावलेलं असतं. हे मनात ठेवून गेलं की तिथे कसं वागायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. घरी परतल्यावर अंघोळ करायची की नाही, ते ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे.

पहिली पायरी: आठवडा ठरवणं

ओकलंडचा हिवाळी बहर एकदम येत नाही. एक झाड आवरतं तेव्हा दुसरं सुरू होतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ससांक्वा जातीचे कॅमेलिया फुलतात. डिसेंबर संपता संपता जॅपोनिका जातीचे कॅमेलिया सुरू होतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा भर असतो. हेलेबोर ही सावलीत, जमिनीलगत येणारी फुलं जानेवारीच्या शेवटी डोकं वर काढतात. फेब्रुवारीत डॅफोडिल येतात, आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांचे गालिचे दिसतात. एकदाच जाणं जमणार असेल तर फेब्रुवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा निवडा. तेव्हा कॅमेलिया अजून टिकून असतात, हेलेबोर भरात असतात आणि लवकर येणारे डॅफोडिल उमललेले असतात.

मात्र तारखेपेक्षा आदल्या आठवड्याची थंडी जास्त महत्त्वाची. अटलांटा समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर आहे. जानेवारीत दिवसाचं कमाल तापमान साधारण 11-12 अंश सेल्सिअस आणि रात्रीचं किमान 1-2 अंश असतं, पण हे सरासरीचे आकडे आहेत. प्रत्यक्षात एका आठवड्यात 20 अंशांचं ऊन आणि दुसऱ्या आठवड्यात उणे सहा-सात अंशांची रात्र, असं चालतं. कॅमेलियाचं नुकसान याच हेलकाव्याने होतं. ऊबदार दिवसांत कळ्या उमलतात आणि मागून आलेल्या कडाक्यात उघडी फुलं करपतात.

जायच्या आधी मागच्या चार-पाच रात्रींचं किमान तापमान पाहा. आकडे फॅरनहाइटमध्ये दिसतील, म्हणून तसेच सांगतो. पारा 28 च्या खाली (म्हणजे साधारण उणे दोन सेल्सिअस) उतरला नसेल तर खुशाल निघा. एखादी रात्र 20-22 पर्यंत गेली असेल तर उमललेले कॅमेलिया तपकिरी झालेले असणार. पण घट्ट मिटलेल्या कळ्या बहुधा वाचतात, त्यामुळे आठवडा ते दहा दिवस थांबलं की नवी फुलं मिळतात. त्याहूनही मोठा कडाका आला तर कळ्याही जळतात. डिसेंबर 2022 मध्ये नाताळच्या तोंडावर पारा उणे 13 सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा हिवाळ्यात कॅमेलियाची फार आशा न धरता हेलेबोर आणि डॅफोडिलवर भिस्त ठेवावी.

दुसरी पायरी: वेळ आणि वाट

जानेवारीत इथे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. फार पहाटे जाऊ नका. गोठलेल्या सकाळी हेलेबोरचे देठ जमिनीवर सपाट पडलेले असतात आणि झाडं मेली की काय असं वाटतं. मेलेली नसतात. थंडीत पेशींमधलं पाणी बाहेर येतं, देठ लुळे पडतात, आणि ऊन चढलं की पाणी परत आत जाऊन ते उभे राहतात. साडेदहा-अकराला पोचा आणि एक-दीडपर्यंत निवांत बघा. सुवासिक फुलांचा वासही हवा थोडी तापल्यावरच नीट येतो.

मेट्रोने जाणं सोपं आहे. मार्टाच्या निळ्या किंवा हिरव्या मार्गावर किंग मेमोरियल स्टेशनला उतरा. विमानतळाकडून येत असाल तर फाइव्ह पॉइंट्सला गाडी बदलून पूर्वेकडे जाणारी गाडी घ्यायची. मधे जॉर्जिया स्टेट हे एकच स्टेशन लागतं. किंग मेमोरियलहून मुख्य दरवाजा चालत दहा मिनिटांच्या आत आहे. हा दरवाजा विटांच्या कमानींचा, 1896 सालचा, ओकलंड अव्हेन्यूवर आहे. गाडीने जाणाऱ्यांनी अंत्यविधी चालू नाही ना, एवढं पाहावं. ओकलंडमधल्या बहुतेक जागा फार पूर्वी विकल्या गेल्या असल्या तरी जुन्या कुटुंबांचे दफनविधी अधूनमधून होतात. तसं काही दिसलं तर त्या भागापासून लांबून वळावं.

पायात खाचांच्या तळव्याचे बूट हवेतच. आतल्या पायवाटा विटांच्या आहेत, चढ-उताराच्या आहेत आणि ओकच्या मुळांनी ठिकठिकाणी उचलल्या गेल्या आहेत. पाऊस पडून गेल्यावर शेवाळ आणि ओली पानं यांवरून पाय सटकतो. साडी नेसणाऱ्यांनी ती जरा वर नेसावी, आणि चप्पल नको. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बाबागाडी ढकलणाऱ्यांनी रुंद डांबरी रस्त्यांवरूनच फिरावं. बरीचशी झुडपं तिथूनही दिसतात. तोल गेला तरी थडग्याच्या दगडाला धरू नका. दीडशे वर्षांचे संगमरवरी दगड तळाशी सैल झालेले असतात, आणि पडला तर तो माणसावर पडतो.

तिसरी पायरी: फुलं ओळखणं

इथे घाई करू नका. हिवाळ्यातली फुलं अंगावर येत नाहीत, ती शोधावी लागतात.

कॅमेलियापासून सुरुवात करा, कारण तो लांबूनच दिसतो. माणसापेक्षा उंच, गडद हिरव्या चकचकीत पानांचं झुडूप आणि त्यात लाल, गुलाबी, पांढरी किंवा पट्ट्यापट्ट्यांची फुलं. हा चहाचा सख्खा भाऊ, चहाचं झाडही कॅमेलियाच्याच कुळातलं. पान हातात न तोडता जवळून पाहिलंत तर कडेला बारीक दाते दिसतील. ससांक्वा आणि जॅपोनिका ओळखायचे तर झुडपाखालची जमीन पाहा. ससांक्वाच्या पाकळ्या सुट्या होऊन गळतात, त्यामुळे खाली गुलाबी सडा पडलेला असतो. जॅपोनिकाचं फूल अख्खंच्या अख्खं गळतं आणि कित्येकदा तोंड वर करून पडतं. जॅपोनिकाची पानं मोठी, फुलं मोठी आणि वास जवळजवळ नाही. ससांक्वाची पानं छोटी, आणि फुलाला हलकासा मातकट वास असतो.

एकाच जातीत फुलांचे आकार किती निरनिराळे असतात, ते इथे नीट बघता येतं. काही फुलं एकेरी असतात: पाच-सात पाकळ्या आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. काहींमध्ये पाकळ्यांच्या दोन-तीन ओळी असतात. आणि काही इतकी रेखीव की पाकळ्यांवर पाकळ्या एकामागे एक बसलेल्या आणि पुंकेसर दिसतच नाहीत. शेवटच्या प्रकारात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्यामुळे मधमाशा त्यांच्याकडे फिरकत नाहीत, एकेरी फुलांवर मात्र ऊबदार दुपारी हमखास दिसतात.

तपकिरी पडलेलं फूल दिसलं तर लगेच पुढे जाऊ नका, ते का करपलं ते पाहा. थंडीने करपलेलं फूल बाहेरच्या कडांपासून तपकिरी होतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या बाजूला हे जास्त दिसतं, कारण गोठलेल्या पाकळ्यांवर सकाळचं ऊन पडलं की त्या झटकन वितळतात आणि पेशी फुटतात. त्याच झुडपाच्या सावलीच्या बाजूला वळा, तिथे धड फुलं सापडण्याची शक्यता असते. डाग पाकळीच्या मधूनच सुरू होऊन पसरले असतील, आणि त्यात शिरा आणखी गडद दिसत असतील, तर तो पाकळी करपा हा बुरशीचा रोग असतो. ही बुरशी गळलेल्या फुलांतून मातीत जाते आणि पुढच्या हिवाळ्यात वर येते. म्हणून कॅमेलियाखालची फुलं वेचून दूर टाकतात. घरी कॅमेलिया असेल तर अशा झुडपाखालची माती बुटांबरोबर नेऊ नका.

हेलेबोरसाठी वाकावं लागतं. ओक आणि मॅग्नोलियांच्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंचीवर, चिवट चामड्यासारख्या पानांच्या मधे ही फुलं माना खाली घालून असतात. रंग पांढरा, फिकट हिरवा, गुलाबी आणि जवळजवळ काळा वाटावा असा जांभळा. मान खाली असल्यामुळे पावसाचं पाणी आत शिरत नाही आणि पराग कोरडे राहतात. बोटाने फूल उलटं करू नका, देठ मोडतो. एक छोटा आरसा सोबत ठेवा आणि फुलाखाली धरा. आरसा नसेल तर फोनचा समोरचा कॅमेरा सुरू करून फोन पडदा वर करून फुलाखाली आडवा सरकवा. आतलं सगळं पडद्यावर दिसतं आणि फोटोही निघतो.

आणि आत बघण्यासारखं खरंच खूप असतं. आपल्याला ज्या पाच पाकळ्या वाटतात त्या पाकळ्या नसून निदलं आहेत, म्हणजे इतर फुलांत कळीला बाहेरून झाकणारी आवरणं. खऱ्या पाकळ्यांच्या बारीक हिरवट नळ्या झालेल्या असतात. पुंकेसरांच्या भोवती त्यांचं कडं दिसतं आणि त्यांत मकरंद असतो. परागण झालं की या नळ्या आणि पुंकेसर गळून जातात, मधल्या बीजकोशांची बोंडं फुगायला लागतात, पण निदलं तशीच राहतात. म्हणूनच हेलेबोर दोन-दोन महिने फुललेला वाटतो. दोन फुलं शेजारी शेजारी पाहा: एकात पुंकेसरांचा झुबका असेल तर ते ताजं, मधे हिरवी बोंडं असतील तर ते जुनं. लहान मुलं बरोबर असतील तर एक सांभाळा. हेलेबोर मुळापासून बीपर्यंत विषारी आहे आणि त्याच्या चिकाने कातडीला खाज सुटू शकते.

डॅफोडिल ओळखायला कोणालाच अडचण येत नाही. पण फेब्रुवारीच्या शेवटाला पांढऱ्या घंटेसारखी, पाकळ्यांच्या टोकांना हिरवा ठिपका असलेली फुलं दिसली की बरेच जण त्यांना स्नोड्रॉप म्हणतात. ते बहुतेक वेळा स्नोफ्लेक असतं. स्नोड्रॉपमध्ये तीन पाकळ्या लांब आणि तीन आखूड असतात आणि एका देठावर एकच फूल येतं. स्नोफ्लेकच्या सहाही पाकळ्या सारख्या लांबीच्या आणि एका देठावर अनेक फुलं. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियाच्या उन्हाळ्यात स्नोड्रॉप नीट टिकत नाही, स्नोफ्लेक मात्र जुन्या बागांत पिढ्यानपिढ्या आपोआप वाढत राहतो.

आपल्या लोकांची हमखास फसगत होते ती हिवाळी जाईपाशी. जानेवारीत बिनपानांच्या हिरव्या लोंबत्या फांद्यांवर पिवळी फुलं दिसतात, कोणीतरी जाई म्हणतं आणि सगळे नाक लावून बघतात. तिला वास नसतो. तिच्यासारखीच दिसणारी फोर्सिथिया थोडी उशिरा येते. तिच्या फांद्या तपकिरी आणि पाकळ्या चार. हिवाळी जाईच्या फांद्या हिरव्या, चौकोनी आणि पाकळ्या पाच-सहा.

वासच हवा असेल तर अटलांटाच्या जुन्या बागांत फेब्रुवारीत डॅफ्नी शोधावी: कमरेएवढं गोलसर झुडूप, गुलाबी-पांढऱ्या फुलांचे छोटे गुच्छ, आणि सुगंध इतका की झुडूप दिसण्याआधी वास येतो. पेपरबुशही तेव्हाच उमलतो. डिसेंबरपासून त्याच्या उघड्या फांद्यांच्या टोकांना रुपेरी लव असलेल्या कळ्यांचे झुपके लोंबत असतात, थेट फुलवातींसारखे. फेब्रुवारीत त्यांची तोंडं पिवळी होतात. याच झुडपाच्या सालीपासून जपानात नोटांचा कागद करतात. जपानी जर्दाळू जानेवारीतच गुलाबी होतो, आणि त्यालाही गोड वास असतो.

चौथी पायरी: कोणत्या वाटेने

मुख्य दरवाजातून आत आलं की पहिला भाग 1850 च्या मूळ सहा एकरांचा. इथे घाई न करता अर्धा तास घालवा. त्यानंतर बेल टॉवरकडे जा. ही इमारत 1899 ची आहे. तिच्या जागी पूर्वी एक घर होतं, आणि 22 जुलै 1864 ला, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या अटलांटाच्या लढाईत, दक्षिणेकडच्या सैन्याच्या जनरल हूडने तिथूनच रणांगण पाहिलं होतं. पुढे यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या सैनिकांचा भाग लागतो. सुमारे 6,900 थडगी, एकसारख्या दगडांच्या ओळी. इथे फुलं कमी आहेत.

कृष्णवर्णीयांच्या दफनभागाकडे मात्र आवर्जून जा. तो साडेतीन एकरांचा आहे आणि 12,000 पेक्षा जास्त माणसं तिथे विसावली आहेत. आरंभी गुलामांना वेगळ्या चौकात पुरत. 1877 मध्ये ती जागा गोऱ्यांना विकायची म्हणून ते अवशेष उकरून दुसरीकडे हलवण्यात आले. या भागात लाकडी खुणा होत्या, त्या कुजून गेल्या, म्हणून बऱ्याच ठिकाणी दगड दिसत नाही. दगड नाही म्हणजे खाली कोणी नाही, असं समजू नका. अनेकदा एखादं झुडूप किंवा कंदांची एक ओळ एवढीच खूण उरलेली असते. फुलांसाठी आलेल्या माणसाने त्या ओळी बघाव्यात. पॉटर्स फील्ड हे गरिबांचं मैदानही असंच मोकळं दिसतं आणि तिथे हजारो लोक पुरलेले आहेत. त्याच्या मधून सतरंजी टाकायला जाऊ नका.

ज्यू भागात थडग्यांवर खडे ठेवलेले दिसतील. ती भेट देऊन गेल्याची खूण असते, ते हलवू नका. 'गॉन विथ द विंड' या कादंबरीसाठी पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या मार्गारेट मिचेल यांचं थडगं शोधणारे नेहमी पुढे निघून जातात, कारण त्या जागेवर मोठ्या अक्षरांत मार्श असं नवऱ्याचं आडनाव आहे. गोल्फपटू बॉबी जोन्स यांच्या थडग्यावर लोक गोल्फचे चेंडू ठेवून जातात. ऑगस्टाच्या ज्या गोल्फ मैदानाला त्यांनी आकार दिला, तिथल्या दहाव्या होलचं नाव कॅमेलिया आहे. अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन यांची समाधीही इथेच आहे.

काही गोष्टी टाळायच्याच

फूल तोडायचं नाही, देवासाठीसुद्धा नाही. गळलेलं जॅपोनिका कितीही ताजं दिसलं तरी तिथेच राहू द्या. कठड्याच्या आत पाय टाकू नका. फेब्रुवारीत तिथली रिकामी वाटणारी माती कंदांच्या कोंबांनी भरलेली असते, आणि एकदा कोंब मोडला की त्या वर्षी फूल येत नाही. थडग्यावरची अक्षरं वाचता येत नसतील तर पाणी, खडू किंवा पीठ लावू नका. फोनचा उजेड बाजूने तिरपा पाडला की बहुतेक अक्षरं उठून दिसतात. कुत्रा असेल तर पट्ट्याला बांधलेला हवा. लग्नाआधीचे फोटो काढायला छायाचित्रकार घेऊन जाणार असाल तर आधी हिस्टॉरिक ओकलंड फाउंडेशनच्या कार्यालयात विचारून परवानगी घ्या. 1976 मध्ये स्थापन झालेली ही संस्था इथल्या बागांची आणि दगडांची देखभाल करते, आणि बरंच काम स्वयंसेवकांच्या हातून होतं. हिवाळ्यात हेलेबोरची जुनी, काळवंडलेली पानं कापणारी माणसं दिसली तर त्यांच्याकडूनच विचारून घ्या, आज कुठे काय उमललंय ते.

फोटोसाठी ढगाळ दिवस उत्तम. कडक उन्हात पांढरा कॅमेलिया नुसता पांढरा डाग येतो. ऊन असेलच तर बरोबरच्या माणसाला सावली पाडायला उभं करा.

मार्चच्या मध्यानंतर जाणाऱ्यांना मॅग्नोलिया, मग डॉगवुड मिळतील, पण पाइनचे पिवळे परागही मिळतील. दमा किंवा ॲलर्जी असेल तर मास्क आणि औषध बरोबर ठेवा.

कॅमेलिया पाहून घरी लावावासा वाटला तर रोप हिवाळ्यातच, फुललेलं असताना रोपवाटिकेतून आणा, म्हणजे रंग आणि आकार डोळ्यांनी पाहून घेता येतो. माती आम्ल लागते, सामू (pH) 5.5 ते 6.5. जागा तुटक सावलीची, सकाळचं थेट ऊन न येणारी. मुळांचा गोळा जमिनीच्या पातळीपेक्षा इंच-दोन इंच वर राहील असं लावा. खोल पुरलेला कॅमेलिया वर्षानुवर्षं कुढत राहतो आणि शेवटी मरतो. भारतात परतताना सामानात फांदी किंवा कंद मात्र टाकू नका. परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर तो माल विमानतळावरच जप्त होतो.